शिवप्पा हेडी पिकअप घ्यायला निघाले

माझ्या सासऱ्यांना हाळी गावच्या जनावरांच्या बाजारात अजून बी शिवप्पा हेडी म्हणूनच ओळखतात. हेडी म्हणजे बैलाच्या सौद्यात घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभा राहणारा माणूस. मी त्यांना मामा म्हणते. लग्न होऊन उदगीरकडच्या या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, सासरा नुसता बाजारात हिंडतो आणि चहा पितो. एकदा त्यांच्यासोबत गेले आणि तोंडात बोट घालून परत आले.

बैल घेणारा माणूस मामांना पुढे घालायचा. मामा बैलाच्या तोंडाकडे आधी बघायचेच नाहीत. मागून बघायचे, लांबून. मग जवळ जाऊन खुरावर हात, मांडीवर हात, वशिंडाखाली हात. विकणारा बडबड करत असला तर त्याला म्हणायचे, "तू गप ऱ्हा, मला बैलासंगं बोलायचं हाय." आणि सगळ्यात शेवटी त्यांची ती परीक्षा. बैलजोडी भरल्या गाडीला जुंपायची, चढावर घालायची, आणि अर्ध्या चढावर थांबवायची. थांबलेली गाडी पुन्हा उचलली तर बैल खरा. पळत पळत चढून जाणाऱ्या बैलाचं मामांना काडीचं कौतुक नव्हतं.

मग त्यांच्या तोंडातून एक शब्द निघायचा. हाव, नाहीतर न्हाई. हाव म्हटल्यावर भावाची घासाघीस व्हायची. पण न्हाई म्हटलं की खेळ खलास. सख्ख्या मेव्हण्याच्या बैलाला भर बाजारात न्हाई म्हणाले, तर आमच्या सासूबाई गौरम्मा आखाडभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. ताट वाढायच्या आणि तोंड फिरवून बसायच्या. मामा मुकाट जेवायचे, पण न्हाई काही फिरवली नाही. लोक म्हणायचे, शिवप्पाची न्हाई फिरत नाही म्हणून तर त्याच्या हाववर आम्ही डोळे झाकून पैसे टाकतो.

पुढे गावोगावी ट्रॅक्टर झाले, बैलं कमी झाली आणि मामा घरी बसले. घरी बसले म्हणजे माझ्या मागे लागले. चहा पाणचट हाय, म्हशीला वैरण कमी हाय, कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या. मी बी काही गप बसणारी बाई नाही. आमची दिवसातून दोनदा तरी जुंपायचीच. सासूबाई म्हणायच्या, या दोघांना वेगवेगळ्या खोलीत बांधा रे कुणीतरी.

माझं काम म्हणजे फिरती डाळ गिरणी. दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं यंत्र, सोबत मोटार, चाळण्या, जनरेटर. तुरीची रास झाली, म्हणजे मळणी उरकली, की आम्ही गावात जातो आणि शेतकऱ्याच्या दारात तुरीची डाळ करून देतो. बायकांना हे लई आवडतं. आपल्या रानातली तूर, आपल्या डोळ्यासमोर डाळ, चुरी बी आपलीच. लातूरच्या मोठ्या मिलमधे पोतं टाकलं तर कुणाची डाळ कुणाला येईल, देव जाणे.

पण यंत्र ओढायला आमच्याकडे काही नव्हतं. गावातल्या पंढरीचा ट्रॅक्टर भाड्यानं सांगायचो. यंदा त्या पंढरीनं काय करावं? नांदेडजवळ विष्णुपुरीच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात यंत्र सोडलं आणि म्हणाला, "वहिनी, ऊस लागलाय. मी चाललो कारखान्याला." गेला तो गेलाच. फोन बी उचलेना. तिकडे बिलोलीच्या महामायाताई, त्यांच्या बचत गटानं तुरीची थप्पी लावून ठेवलेली. त्या म्हणाल्या, "सुकन्या, सोमवारी तू आली तर तुझं यंत्र, न्हाई तर देगलूरचं बोलावतो. बाया किती दिवस थांबतील?" त्यांचं बी बरोबर होतं. आणि एकदा देगलूरचं यंत्र त्या पट्ट्यात शिरलं की मला तिकडे कोण विचारणार? सगळा हंगाम हातचा गेला असता.

माझं डोकं तडकलं. म्हटलं, आता कुणाच्या ट्रॅक्टरची वाट बघायची नाही. आपली पिकअप घ्यायची. पाठीवर पोती, जनरेटर, चाळण्या, आणि मागे हुकाला यंत्र. गाडी चालवायला मी लातूरला राहत होते तेव्हाच शिकले होते, लायसन होतं, नव्हती ती फक्त गाडी. माझे मालक उमाशंकर लातूरच्या डाळ मिलमधे फिटर आहेत, हंगामात त्यांना मान वर करायला सवड नसते. ते फोनवर म्हणाले, "तूच बघ. अन् आप्पाला संगं ने." मामांना ते आप्पा म्हणतात.

"आप्पाला? ते गाडीतलं काय बघणार?"

"आगं ने गं. त्यांना आता कुणी काही इचारतच न्हाई."

मी मामांना विचारलं, येता का. म्हातारा असा उठला की खाट हलली! दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत आंघोळ, कपाळावर विभूती, धुतलेलं धोतर, पेटीतला लाल पटका. हातात काठी. एसटीत शेजारच्या माणसाला, मागच्या माणसाला, कंडक्टरला, सगळ्यांना सांगून झालं, "पिकअप घ्यायला चाललो." मी म्हटलं, "मामा, तुम्हाला गाडीतलं काय कळतं ते तरी सांगा."

"चार पायाचं हाय का न्हाई? ओझं ओढायचं हाय का न्हाई? मग झालं तर."

नांदेडच्या बाहेर जुन्या गाड्या विकणारा रविकांत नावाचा एक जण आहे. रस्त्याच्या कडेला मोकळं मैदान, त्यात गाड्या ओळीनं उभ्या. मला तर जत्रेत आल्यासारखं वाटलं. मामांनी काठी बगलेत धरून हात जोडले, "शरणार्थ, मालक. कामाचं जनावर दाखवा." रविकांतनं डोळ्यावरचा गॉगल वर केला आणि आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पिकअप दाखवा. मागं ट्रॉली ओढायची आहे."

त्यानं पहिल्यांदा एक पांढरीशुभ्र गाडी दाखवली. पुढे दोन ओळी सीटा, काचा काळ्या, मागे जराशी पाठ. म्हणाला, "ताई, फॅमिली पण बसते, माल पण बसतो." मामा सरळ मागच्या बाजूला गेले आणि तिथूनच ओरडले, "पाठ आखूड हाय! हे नवरदेवाला मिरवायचं जनावर. न्हाई!" झालं, तिचा विषय संपला. दुसरा एक छोटा हत्ती टेंपो होता. मामांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, "हे वासरू हाय अजून. ह्याच्या मागं यंत्र बांधलं तर यंत्रच ह्याला ओढत नेईल." मला हसू आवरेना.

तिसरी कोपऱ्यात उभी होती. चिखलाच्या रंगाची. एका बाजूनं पोचा आलेला, पण पाठ लांब आणि रुंद, बैठक भक्कम, आणि मागे जाड लोखंडी हूक. आधीच्या मालकाचा मंडपाचा धंदा होता, तो जनरेटरची ट्रॉली ओढायचा. मी खाली वाकून हूक बघितला. नुसता बंपरला नव्हता, खालच्या चेसीला पक्का बसवलेला होता. इंजिन चालू करायला लावलं, धूर बघितला, तेल कुठे गळतंय का बघितलं, कागद बघितले. मामांची आपली वेगळीच तपासणी. मागून बघणं झालं. मग धोतर सावरून गाडीखाली डोकं घातलं आणि चाकावरचे स्प्रिंगचे पाटे हातानं एकेक करून चाचपले. टायरला काठीनं ठोकून आवाज ऐकला. चालू इंजिनावर तळवा ठेवून डोळे मिटले.

रविकांत म्हणाला, "काका, दात बघायचे का?"

"तुझे दिसले तेवढे बस झाले."

मी गाडीत बसले. सीट फाटकं होतं, पण स्टिअरिंग हातात आलं आणि आगं माय, काय सांगू! मैदानातून एक चक्कर मारली तेव्हा मी मोठ्यानं हसत होते, एकटीच. खाली उतरले तर मामांचा चेहरा बी उजळलेला. मला बाजूला ओढून म्हणाले, "सुकन्या, जनावर खानदानी हाय. पण जुंपल्याबिगर मी कुणाला हाव म्हणत न्हाई."

रविकांत तयार झाला. आमच्याबरोबरच बसून विष्णुपुरीला आला. मी गाडी चालवत होते, मधे मामा, खिडकीशी तो. मामा रस्ताभर त्याला हाळीच्या बाजारातल्या गोष्टी सांगत होते आणि तो बी रंगून ऐकत होता. भावाचं मी इथे काही बोलणार नाही. ते मामांनी नंतर त्याच्या कानात ठरवलं आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून मला दम दिलाय.

लिंबाजींच्या अंगणात यंत्र उभंच होतं. ट्रॉली हुकाला लावली, खीळ घातली, वर साखळी बांधली. आता अंगणापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक मुरमाचा चढ आहे. चांगलाच उभा. यंत्र वर निघालं की सुटलो. लिंबाजी, त्यांची माणसं, वर टपरीवर चहा पीत बसलेली इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं, सगळे बघायला जमले. पिकअपची पाठ रिकामी, मागे यंत्र, पुढे मी. मामा चढाच्या मधोमध काठी घेऊन उभे.

मी पहिला गिअर टाकला आणि गाडी निघाली, अशी निघाली की बघत राहावं! यंत्र मागून गडगडत येतंय, मी ओरडतेय, "आली, आली!" अर्ध्यावर पोचले आणि मामांनी काठी आडवी धरली.

"थांब!"

त्यांची ती परीक्षा! मी थांबवली. हँडब्रेक ओढला. मग पुन्हा गिअर, रेस, क्लच हळूहळू वर. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. मुरूम उडाला, रबराचा जळका वास आला, आणि गाडी पुढे जायची सोडून यंत्रासकट हातभर मागे घसरली. कुणीतरी पळत येऊन ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावले.

मामांचा चेहरा पडला होता. त्यांना ती गाडी माझ्याइतकीच आवडली होती, मला दिसत होतं. पण ते सगळ्यांच्या देखत बोलले, "न्हाई."

रविकांत म्हणाला, "काका, पुन्हा एकदा बघू की."

"थांबल्यावर उचलत न्हाई. न्हाई म्हणलो ना. ट्रॉली सोडा."

लिंबाजींनी मान हलवली. ते बी जुने बाजारकरी. म्हणाले, "शिवप्पा हेडी न्हाई म्हणला म्हणजे संपलं बाबा." आणि पोरं पांगायला लागली.

मी भडकले. दार आपटून खाली उतरले. सोमवार तोंडावर आला होता. बिलोलीला बाया पोत्यांवर बसून राहणार आणि माझं यंत्र इथे अर्ध्या चढावर दगड लावून उभं. रागाच्या भरात मी मागच्या टायरला लाथ घातली आणि तिथेच थबकले. चाकानं मुरमात पाटीभर खड्डा पाडला होता. मी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. गाडीत जोर नसता तर इंजिन गुदमरून बंद पडलं असतं. चाक फिरलंच नसतं. हे तर एवढ्या ताकदीनं फिरलं की जमीन उकरली! जोर होता, पण त्या चाकावर वजन कुठे होतं? पाठ रिकामी.

"मामा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पांगलेली पोरं माघारी वळली. "मामा, हिच्यात दम लई हाय. हिला जमीन धरता येईना. बैल आपल्या अंगाच्या वजनानं पाय रोवतो. हिचं सगळं वजन पुढं इंजिनात. मागचे पाय हलके हायेत. आपण हिला बैलासारखं रिकाम्या पाठीनं जुंपलं!"

"मग काय बैलाच्या पाठीवर माणसं बसवून त्याला ताकदवान म्हणायचं? असली लबाडी मी जन्मात केली न्हाई."

"लबाडी कसली? आपण कामावर निघू तेव्हा हिची पाठ कधी रिकामी असंल का? जनरेटर असंल, चाळण्या असतील, तुरीची पोती असतील. भरलेली बघा ना! तुम्ही तरी बैलाला रिकामी गाडी लावून कधी बघितलं का?"

मामा काठीनं मुरूम टोकरत राहिले.

जनरेटर अंगणात होता, पण तो उचलून चढावर आणायचा म्हणजे तासाचं काम. मी पोरांकडे वळले. "ये बाबांनो, चढा मागं! सगळे चढा!" पोरांना तेच पाहिजे होतं. आरडाओरडा करत ती पाठीवर चढली. लिंबाजींची माणसं चढली. रविकांतनं गॉगल खिशात घातला आणि तो बी चढला. लिंबाजी, एवढा पोक्त माणूस, धोतर खोचून चाकावर पाय देऊन वर गेला. सगळ्यांना मी अगदी मागच्या चाकांवर, हुकाजवळ दाटून बसायला लावलं.

मी आत बसले. दगड तसेच ठेवले. गिअर, रेस, क्लच. गाडी हलली! चाकं या वेळी गरगरली नाहीत, रुतून पुढे सरकली. हातभर. दोन हात. आणि पुन्हा जरा फिरली, मुरूम उडाला, थांबली. मी हँडब्रेक ओढला. पाठीवरून पोरं ओरडली, "थोडंच राहिलं, ताई! अजून एखादा पाहिजे!"

चढावर आता एकच माणूस खाली उरला होता.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. मामा बाजूला उभे होते, काठी छातीशी धरून. मला त्यांची दया बी आली आणि राग बी. त्यांनी जन्मभर कमावलेली एकच गोष्ट होती, आणि मी ती चारचौघात मोडायला लावत होते. खोटं कशाला बोलू, मला त्या घडीला वाटलं की जाऊ दे. ट्रॉली सोडते, देगलूरचं यंत्र जाऊ दे बिलोलीला. म्हाताऱ्याचा शब्द राहू दे. मी इंजिन बंद करणारच होते.

"काय बघायलीस?" मामा खेकसले. "गिअर टाक!"

आणि काठी माझ्या खिडकीतून आत दिली. धोतराचा सोगा कमरेला खोचला. मागे गेले. पोरांनी हात दिले, ते त्यांनी झटकले, आपले आपण फळीला धरून वर चढले आणि सगळ्यांना कोपरानं ढकलत अगदी शेवटी, हुकाच्या वर जाऊन बसले. मागच्या काचेतून मला फक्त लाल पटका दिसत होता.

"यप्पा!" त्यांनी फळीवर थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "उचल गं माय! उचल!"

मी क्लच सोडला. गाडी खालून थरथरली, मागची चाकं मुरमात बसली, आणि उचललं! सगळं उचललं, माणसं, यंत्र, ट्रॉली, सगळं एका दमात. मी रेसवरचा पाय काढलाच नाही. पाठीवर नुसता गोंधळ, पोरं नाचतायत, लिंबाजी ओरडतायत, आणि पुढे डांबरी रस्ता आला तेव्हा माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी हसत होते.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी मागे धावले. सगळे उतरले होते. मामा पाठीवर उभे होते, पटका सुटून गळ्यात आलेला, धोतर मुरमानं लाल झालेलं. रविकांत खालून म्हणाला, "काका, मग काय म्हणता?"

मामांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग लिंबाजींकडे वळले आणि बाजारात सौदा पुकारायचे त्या आवाजात, टपरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "लिंबाजी, तुम्ही हाळीला जाता. तिथं सगळ्यांना सांगा. शिवप्पानं न्हाई म्हणलं होतं, ती न्हाई त्यानं आज वापस घेतली. चूक शिवप्पाची होती. खरी परीक्षा सुनेनं घेतली."

मी त्यांना खाली उतरायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण उतरले नाहीत.

"मी हितंच बसतो," म्हणाले. "बिलोली लांब हाय. मधी एखादा चढ लागला तर?"